सातवीच्या फ्लेक्सवरची सेवा

९ एप्रिल

ही डायरी बियाण्याच्या दुकानदारानं माझ्या पोराला, रविंद्रला, फुकट दिली, रविंद्रनं मला. दर पानाखाली सोयाबीनच्या शेंगा छापल्यात. ऐश्वर्या म्हणली, "आत्या, तुमी दिवसभर जे बोलता ते ह्याच्यात लिहीत जा, म्हंजे मला जरा सैपाक करता येईल." सून हाये माझी. जिभंला माझ्याइतकीच धार, म्हणून तर बघताक्षणी पसंत केली होती.

चार महिने डायरी तशीच पडून होती. हळद शिजवली, हळद वाळवली, ह्याच्यात काय लिहायचं. पण आज संत्या येऊन गेला. संतराम, मंडपवाला. माझ्या वर्गातला. लोकांच्या लग्नाचे मांडव घालून घालून त्याला कुठं बी चार माणसं दिसली की फ्लेक्स लावावा वाटतो.

"मालन, आपल्या सातवीचा मेळावा घ्यायचा."

"काहून? पुन्हा नापास करायचंय का कुणाला?"

"गंमत करू नको. अकरा मे, रविवार. शाळंतच. नरसिंग गुरुजींना हिंगोलीहून आणायचं."

समदीकडं दहावीचे मेळावे होऊन राहिलेत. आमच्या शाळंत तवा सातवीच्या पुढं वर्गच नव्हता. पुढं शिकायचं तर पुसेगाव, आन पोरींना कोण धाडतंय पुसेगावला. म्हणून मेळावा सातवीचा. असला मेळावा देशात पहिलाच असंल.

मला गावातल्या गावातच दिलं, ह्या आळीतून त्या आळीत. म्हणून समद्यांचे पत्ते मला ठाऊक. संत्या म्हणला, बायांना फोन तू कर, तुझा नंबर फ्लेक्सवर टाकतो. नाव काय टाकू, श्रीमती मालनबाई?

म्हणलं, "नंबर टाक, नाव ऱ्हाऊ दे. श्रीमती वाचलं की लोकं आधी नवरा कशानं गेला ते इचारतात, मग काम सांगतात."

त्यानं लिहून घेतलं, महिला विभाग. इभाग म्हणं मी! यांच्या फोटोला सांगितलं, बघा, तुमच्या मागं माझं प्रमोशन झालं.

१३ एप्रिल

मोबाईलवर ग्रुप निघाला. रूपाबाई सकाळी पाचला गुलाबाची फुलं टाकती, तिच्या नातवाच्या मोबाईलमधी बाग लावलीय वाटतं. ह्याच रूपीनं पाचवीत असताना माझ्या दप्तरात खेकडा सोडला होता. रत्नपाल बँकेत मोठा साहेब झाला हिंगोलीला, तो लिहितो, "सर्व वर्गबंधू-भगिनींना नम्र विनंती." त्याला पाढे येत न्हाईत असं एकदाच झालं होतं, तर ताप भरला होता पोराला.

साड्यांवरून भांडण चाललं. रूपाबाईला समद्या बायांनी हिरवी नेसावी वाटती. संत्यानं मला खासगीत फोन केला, हळू आवाजात, "मालन, तुला हिरवा चालंल का?"

"मला चालतो. तुला दिसंल का?" त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू हाये, ऑप्रेशन पुढं ढकलून राहिलाय. लई हसला. मग म्हणला, तसं न्हाई, लोकं काय म्हणतील. म्हणलं, लोकं म्हणतील मालन हिरव्यात बरी दिसती.

१५ एप्रिल

काल जयंती होती, रत्नपाल आला होता गावात. मिरवणूक झाली, मग आज संत्याच्या गोडाउनमधी आमी बसलो. फ्लेक्सवर काय काय टाकायचं ते ठरवायला. वर शाळंचं नाव, मधी गुरुजींचा फोटो, खाली येणाऱ्या बाप्यांचे, आन एका अंगाला काळ्या चौकटीत वर्गातले जे गेले ते.

ग्यानबाचं नाव पहिलं आलं. खडू खायचा ग्यानबा. गुरुजी इचारायचे खडू कुठं गेला, आन ह्याचे दात पांढरे फेक. त्याला जाऊन आठ वर्सं झाली. अजून तिघं, त्यांचं बी पक्कं. आमी एकेकाचं आठवून हसलो, मग गप बसलो, मग पुन्हा हसलो.

मग संत्या म्हणला, "आन सेवा."

"कोणती सेवा?"

"अगं तांड्यावरची. तुझ्या शेजारी बसायची ती."

"ती कधी मेली?"

"लई वर्सं झाली. ऊसतोडीला गेल्यालं, ट्रॉली उलटली. आपल्या भागातली माणसं होती. तुला ठाऊक न्हाई? समद्यांना ठाऊक हाये."

मी इचारलं, कुणी पाह्यलं? संत्यानं रूपाबाईला फोन लावला. रूपाबाई म्हणली, मला तर संतरामनंच सांगितलं होतं. संत्या म्हणला, मला उत्तमसिंगनं. उत्तमसिंग तिच्या तांड्यावरचा, तो बी आमच्याच वर्गात होता, आता वसमतला टेम्पो चालवतो. त्याचा फोन लागला न्हाई.

रत्नपालनं वहीत लिहून घेतलं. पाच.

१६ एप्रिल

झोप न्हाई लागली बराबर. ओढ्याच्या पल्याड तांडा, तिथनं ती यायची. तरटपट्टीवर माझ्या डाव्या अंगाला बसायची. तिची भाकर मी खायची, माझी ती. सातवीची परीक्षा झाली, त्याच उन्हाळ्यात तिचं लगीन लागलं, दोन वर्सांनी माझं. मग तिच्या माहेरचे बी तांडा सोडून गेले.

चाळीस वर्सांत मी तिला एकदा बी हुडकलं न्हाई. वाटायचं, हाये कुठंतरी. आता मेली म्हणून राहिले तर खरंच वाटत न्हाई. ही कसली तऱ्हा माझी?

ऐश्वर्या म्हणली, आत्या आज गप काहून? म्हणलं, तूच म्हणली होती ना, लिहीत जा.

२१ एप्रिल

वसमतला जाऊन आले. रविंद्रला सांगितलं, रूपाबाईच्या साडीसाठी चालले. बायांना अर्धं तिकीट झालंय तवापासून मी कुठं बी जायला मोकळी. मोंढ्याच्या बाजारात नुसती हळदच हळद, माणसं ओळखू येत न्हाईत. उत्तमसिंग टेम्पोच्या फाळक्यावर बसला होता, मिशीपासून चपलेपस्तोर पिवळा.

"अरे बापरे, मालन! तू इथं?"

"तुझं लगीन लावायला आले. हळद तर आधीच लागलीये."

हसता हसता खोकला लागला त्याला. चहा सांगितला. मग मी सेवाचं इचारलं.

"तू पाह्यलं का सोता?"

"न्हाई."

"मग?"

"ट्रॉलीवरचा एक जण भेटला होता. म्हणला सेवा नावाची बाई गेली, तुमच्या तिकडलीच."

"तिकडं तांडे किती, सेवा किती! कोणती ते काहून इचारलं न्हाई?"

तो चहाच्या कपाकडं बघून राहिला. "इचारलं असतं आन तीच म्हणले असते तर?"

मला राग आला. एवढा बाप्या माणूस, आन इचारायला भितो. मग म्हणला, "माझ्या आत्याची पोरगी ती. लहानपणी मलाच देणार होते."

हे मला ठाऊकच नव्हतं. म्हणलं, "बरं झालं, वाचली बिचारी." तो हसला. पण चहा तसाच ठेवला त्यानं. त्या टपरीचा चहा हायेच लई गोड, मला बी न्हाई गेला.

निघताना म्हणला, "मालन, मी इचारतो आता. आमच्या लोकांत."

२५ एप्रिल

संत्याशी भांडले.

"सेवाचं नाव काढ."

"पुरावा आण ती जिती असल्याचा."

"ती मेल्याचा तुझ्याकडं काय पुरावा हाये?"

"समदे म्हणतात."

"समदे तर तुला येडा बी म्हणतात. मग ते धरू का खरं?"

रुसला. तासाभरानं रत्नपालचा फोन. तो कधी आवाज चढवीत न्हाई, म्हणून त्याच्याशी भांडायला मजा येत न्हाई. "मालनबाई, तुमची भावना मला समजते. पण बाकी सगळ्यांची नावं लावली आणि तांड्यावरच्या एकट्या मुलीचं वगळलं, तर कसं दिसेल? तिला कोणी आठवलंच नाही असं होईल ना."

बरोबरच बोलून राहिला तो. लावलं तर मेली, न्हाई लावलं तर कुणाचीच न्हाई. म्हणलं, लाव.

उत्तमसिंगचा काही फोन न्हाई.

३ मे

आज दुपारी ग्रुपवर फ्लेक्स आला आन मी मेले.

काळ्या चौकटीत पाच चौकोन. चौघं बराबर. पाचव्यात नाव सेवाचं, आन फोटो माझा! सातवीच्या निरोपाला सेनगावहून फोटोवाला आला होता, त्याच फोटोतनं मुंडकं कापलंय. दोन वेण्या, लाल फिती, तोंड असं की आत्ताच कुणाची तरी खोडी काढून बसलीय. गळ्यात झेंडूचा हार, खाली दिवा, वर "भावपूर्ण श्रद्धांजली".

रविंद्र लालबुंद झाला. म्हणला, आत्ता जाऊन संतरामकाकाचा मांडव मोडतो. ऐश्वर्या हसून हसून चुलीपशी बसली. मी चष्मा लावून नीट पाह्यलं. हार बरा दिसून राहिला मला.

संत्याला फोन केला. "संत्या, माझा दहावा कधी ठेवलास? पाहुणे बोलवायचेत."

"अगं मालन, रत्नपालनं इचारलं ह्याच्यात सेवा कोणती, मी बोट ठेवलं. दोघी चिकटून बसलेल्या, दोघींच्या लाल फिती. मोतीबिंदूनं..."

"मग आता?"

"बारा बाय आठचा छापून आलाय गं. परत कोण छापील? त्या चौकोनावर कागद चिटकवतो."

म्हंजे नाव बी झाकलं जाईल सेवाचं. म्हणलं, फोटोवर चिटकव, नाव ऱ्हाऊ दे.

४ मे

हे कसं लिहू ते कळून न्हाई राहिलं. जसं झालं तसंच लिहिते.

सकाळपासून फोन. जो तो माझ्या मरणाची चौकशी करून राहिला. रूपाबाईनं तर नाकाला पदर लावून आवाज बदलला, "हॅलो, मालनबाई सरगात पोचल्या का?" मी म्हणलं, पोचले, तुझी जागा धरून ठेवलीय. हसून हसून पोट दुखलं.

दुपारी मोरीवर भांडे घासत होते, पुन्हा वाजला. नवा नंबर. बाईचा आवाज, दबका. "मालनच्या घरचं कुणी हाये का?"

मला वाटलं रूपीच, दुसऱ्यांदा. मी ऐश्वर्याचा आवाज काढला. "मी त्यांची सून बोलते. सासूबाई गेल्या हो."

तिकडनं, "कधी?"

"काल दुपारी."

"कशानं गं?"

"बोलून बोलून."

म्हणलं आता हसंल. हसली न्हाई. रडायला लागली. मी मनात म्हणलं, रूपीला लई छान जमून राहिलंय.

मग ती बोलली. "बाई, मी लांबून बोलते, फलटणच्या अंगाला ऱ्हाते. पोरानं मोबाईलवर तो फोटो दाखवला. नाव माझं लिवलंय, फोटो तुझ्या सासूचा. मी तर जिती हाये. मग म्हणलं, जिचा फोटो तीच गेली असंल, लिवणारानं नाव चुकवलं. म्हणून खालच्या नंबरावर फोन केला."

माझ्या हातात पातेलं होतं. ते मी खाली बी ठेवलं न्हाई.

ती बोलतच राहिली. "तुला एक सांगते. याडीच्या, माझ्या आईच्या, घागऱ्याचा आरसा मी उचकटून शाळंत आणला होता. आमी दोघी मागं बसून गुरुजींच्या टकलावर उन्हाचा कवडसा नाचवायचो. समदा वर्ग हसायचा, गुरुजींना कळायचंच न्हाई काहून. कुणाला सांगायचं न्हाई, मरूस्तोर, अशी शपथ होती आमची. आता ती गेली, म्हणून सांगते. तुझी सासू कशी होती ते तुला ठाऊक असावं."

जन्मात पहिल्यांदा माझी जीभ हालली न्हाई. लई येळानं म्हणलं, "सेवा."

"कोण?"

"सेवा, मीच हाये गं. मालन. मला वाटलं रूपी गंमत करून राहिली."

तिकडं इतकी शांतता की मला वाटलं फोन कटला. मग म्हणली, "मी रडून राहिले आन तू ऐकून राहिलीस?"

आन खरंच कटला.

ऐश्वर्या आली. "आत्या, काय झालं?"

"सेवा जिती हाये."

"मग रडता काहून?"

"कांदा."

मोरीवर कांदा कुठला, ते तिनं इचारलं न्हाई. पातेलं हातातनं काढून घेतलं फक्त.

५ मे

आज किती फोन केले. उचलत न्हाई. संध्याकाळी तिच्या पोरानं उचलला, मुन्ना त्याचं नाव, दाढीमिशीवाल्या माणसाचा आवाज. म्हणला, "मावशी, आई बोलायची न्हाई म्हणते. काल जेवली बी न्हाई. एकदा रागावली की आमचं बी काही चालत न्हाई."

म्हणलं, "तिला म्हणावं, मालन पाया पडती." तो म्हणला, "सांगितलं. ती म्हणती, ही बी गंमतच असंल."

ऐश्वर्या मला बोलली न्हाई काहीच. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

रात्री उत्तमसिंगचा फोन आला. फ्लेक्स त्यानंच तांड्या-तांड्याच्या ग्रुपवर टाकला होता, "ही सेवा कुणाला ठाऊक हाये का" म्हणून. असा फिरत फिरत मुन्नाच्या मोबाईलवर गेला. त्याला आज कळलं. आवाज फाटून राहिला होता, टेम्पोच्या आवाजात असंल. मी म्हणलं, तू बोल ना तिच्याशी, तुझं ऐकंल. म्हणला, "नको. तूच बोल." पुन्हा तेच भित्रेपण.

७ मे

ग्रुपवर कळलं समद्यांना. रत्नपालनं लांबलचक माफी लिहिली, तिच्यात "अक्षम्य" हा शब्द तीनदा आला. संत्यानं हात जोडल्याचे चित्र टाकले. रूपाबाई म्हणली, मला आधीच वाटलं होतं ती जिती हाये. हिला आधीच लई वाटतं.

मी बोलून मेसेज पाठवायचा ठरवलं. बटण दाबून धरलं आन म्हणलं, "सेवा, माझं चुकलं," आन पुढं तोंडातनं आपोआप निघालं, "पण तू रडतेस मात्र छान." पुसला. दुसऱ्यांदा केला, त्याच्यात बी काहीतरी वाकडं निघालं. तिसरा बी पुसला. हे गेले तवा बी मला असंच झालं होतं, सांत्वनाला आलेल्या बायांना मी हसवून पाठवलं. लोकं म्हणली, काय बाई हाये.

मला सरळ बोलताच येत न्हाई का? आज पहिल्यांदा वाटलं की ही मोठी तकलीफ हाये.

९ मे

शेवटी बोलायचं सोडलं आन लिहून पाठवलं. "सेवा, फ्लेक्सवर नाव तुझं हाये आन तोंड माझं. अर्धी तू मेलीस, अर्धी मी. रविवारी तू आली न्हाईस तर मला एकटीला पुरं मरावं लागंल. ये."

हे बी गंमतच झाली. पण ह्याच्यापेक्षा खरं मला लिहिता येत न्हाई.

दोन निळ्या खुणा आल्या. वाचलं तिनं. उत्तर न्हाई.

१० मे

उत्तर न्हाई. हिरवी साडी इस्तरी केली. ऐश्वर्यानं केली खरं तर.

११ मे

हात दुखून राहिलाय तरी आजचं आजच लिहिते. सेवा आत ऐश्वर्याशी बोलून राहिली. व्हय, सेवा.

सकाळी शाळंत गेलो. खोल्या त्याच, रंग नवा. बाप्यांना फेटे, बायांना गजरे. रूपाबाईनं माझ्या केसात गजरा खोवला, इचारलं बी न्हाई. मी बी काही म्हणले न्हाई. रत्नपाल गुरुजींना गाडीतनं हाताला धरून घेऊन आला. ऐंशीच्या पुढं गेलेत, पण काठी टेकायला कमी आन दाखवायला जास्त वापरतात. समदे पाया पडलो. माझ्याकडं बघून म्हणले, "मालन. एकटीच?"

म्हणलं, "हे गेले गुरुजी, सहा वर्सं झाली."

"ते नव्हे," म्हणले, आन पुढं गेले. वयानं बोलण्याचा मेळ न्हाई ऱ्हात.

प्रार्थना झाली. बाप्ये सातवीतल्याच आवाजात म्हणायला गेले, कुणाचा वर चढंना. मी मात्र रस्त्याकडं बघून राहिले होते. तेवढ्यात उत्तमसिंगचा टेम्पो फाटकात आला, हळदीचा, तसाच पिवळा. तो उतरला. मग दुसरं दार उघडलं आन एक वाळकी बाई उतरली, केस समदे पांढरे, साडी मागनं पिवळी झालेली. मुन्नाचा फोन आला तसा हा रात्रीच तिला घ्यायला हिंगोलीच्या बसस्टँडवर गेला होता म्हणं. मला सांगितलं बी न्हाई! इतकी वर्सं इचारायला भ्यायला आन आता रातभर स्टँडवर बसला.

ती माझ्याकडं आली न्हाई. सरळ फ्लेक्सकडं गेली. काळ्या चौकटीपशी उभी राहिली. संत्यानं माझ्या तोंडावर पांढरा कागद चिटकवला होता, खाली तिचं नाव.

"संतराम," ती म्हणली, "मेल्यावर मला तोंड बी ठेवलं न्हाईस व्हय रे?"

फेट्यासकट संत्याची मान खाली आली. मग ती वळली. मला खालवर पाह्यलं.

"जाडी झालीस."

"तू गेलीस म्हणून. चिंतेनं."

"चिंतेनं लोकं वाळतात."

"मग तू कशाची चिंता करून राहिली होतीस?"

ती जवळ आली आन माझ्या गालाचा असा चिमटा घेतला की डोळ्यांतनं पाणी. "हा त्या फोनचा," म्हणली. आन सोडलाच न्हाई बराच येळ. मी बी सोडवला न्हाई.

मग वर्गात बसवलं समद्यांना, सातवीच्या खोलीत. फ्लेक्स बी आत आणून भिंतीला लावला. रत्नपालनं चौघांची नावं वाचली, ग्यानबाचं पहिलं. म्हणला, आता आपण उभं राहून मौन पाळू. समदे उभे राहिले, माना खाली. सेवा माझ्या डाव्या अंगाला.

खिडकीतनं मेचा गरम वारा आला. कागदाचं एक टोक सुटलं. मग दुसरं. मग कागद तरंगत तरंगत बरोबर संत्याच्या फेट्यावर जाऊन बसला, आन भिंतीवरनं मी, दोन वेण्या, झेंडूचा हार घालून, समद्यांकडं बघून राहिले.

मी ओठ चावले. ग्यानबाचं आठवलं, वाईट वाईट आठवलं. जमत होतं. पण डाव्या अंगाला सेवाचा खांदा हालायला लागला. तो मला लागला. मग काय. आधी नाकातनं निघालं, मग तोंडातनं.

काठी टेबलावर आपटली. "कोण आहे ते?"

समदा वर्ग गार.

"मालन. सेवा. बाहेर."

लोकांना वाटलं गुरुजी गंमत करतात, चार जण हसले. गुरुजींनी त्यांच्याकडं असं पाह्यलं की ते बी थांबले. "बाहेर उभ्या राहा दोघी. मी बोलवीपर्यंत आत यायचं नाही."

बावन्न वर्सांच्या दोन बाया. एक आजी, दुसरीला बी नातू. गेलो गपचूप बाहेर आन व्हरांड्यात भिंतीला पाठ लावून उभ्या राहिलो.

आत भाषणं चालू झाली. रत्नपालचं संपता संपंना. आमी उभ्याच. मग कधी बसलो ते कळलं न्हाई. काय काय बोललो ते समदं न्हाई लिहीत, ते आमचं हाये. एवढं लिहिते. ट्रॉलीत गेली ती सेवा दुसऱ्या तांड्याची, हिच्याच टोळीतली. दोघींचं नाव एक म्हणून मुकादम थोरली सेवा, धाकटी सेवा म्हणायचा. गेली ती धाकटी. तिचं लेकरू रांगतं होतं, त्याला हिनं पदरात घेतलं. मुन्ना तोच, फोनवर बोलला तो.

"मग ते नाव ऱ्हाऊ दे फ्लेक्सवर," सेवा म्हणली. "तिचं कुठं कुणी लावलं?"

आत मौन आमच्या हसण्यानं अर्धंच राहिलं होतं. आमी बाहेर तिच्यासाठी गप बसलो थोडा येळ. मग तिनं इचारलं, तुझा नवरा कसा होता गं? आन मी सांगितलं, सरळ, एक बी गंमत न करता. सहा वर्सांत कुणी मला हे इचारलंच नव्हतं. कशानं गेला एवढंच इचारतात.

उत्तमसिंग दोनदा पाणी घेऊन आला, तिला तांब्या दिला आन काही न बोलता गेला. म्हणलं, ह्याला काय झालंय? सेवा खाली बघून हसली फक्त.

पंगती बसल्या, वरणाचा वास आला, तरी गुरुजींचं बोलावणं न्हाई. रत्नपाल दारात आला तर आतनं गुरुजींचा आवाज, "तू कशाला गेलास तिकडं? ये इकडं." तो परत फिरला. लई येळानं गुरुजी सोता आले, काठी टेकत. आमी झटकन उभ्या राहिलो.

"झालं का?" म्हणले.

काय झालं का, ते काही बोलले न्हाईत. आमी एकमेकींकडं पाह्यलं. सेवा म्हणली, "न्हाई गुरुजी."

"मग राहा उभ्या अजून," म्हणले, आन काठी टेकत पंगतीकडं गेले.

ऐश्वर्यानं दोघींची ताटं व्हरांड्यातच आणून दिली. चाळीस वर्सं झाली, तरी माणूस एक मिनिट शिक्षा कमी करीत न्हाई. लई कडक.